झोपाळ्याची फांदी

डोंबिवली (पूर्व)
९ फेब्रुवारी १९८७

श्रीमती शालन यांस,
स. न. वि. वि.

आपला पत्ता आपल्या विठ्ठलवाडीच्या बंधूंकडून मिळवला. त्यांनी द्यायला खूप का-कू केली, तेव्हा त्यांच्यावर रागावू नये. मी दारातून हललो नाही, एवढंच.

पत्रास कारण आंबा. आपण या घरात सून म्हणून आलात त्या वर्षी दापोलीच्या आपल्या कॉलेजातून जे हापूसचं कलम एस.टी.त मांडीवर घेऊन आला होतात, ते आजारी आहे. यंदा मोहोर भरपूर आला, पण हात लावला की गळतो. पानांवर काळा थर बसलाय. आधी मला वाटलं, कंपन्यांची काजळी. इकडच्या वाऱ्याचं आपल्याला ठाऊक आहेच, दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत पिवळं होतं. ज्या कंपनीत मी आयुष्य काढलं तिच्याच चिमणीला शिव्या देत, शिडी लावून, ओल्या फडक्याने पानं पुसत बसलो. आठवडाभरात पुन्हा काळी. मग बोट लावून पाहिलं तर चिकट. काजळी चिकट नसते, एवढी केमिस्ट्री मला येते. फांदी हलवली की पाचरीच्या आकाराचे बारीक किडे भुर्रकन उडतात आणि पानांवर तडतड आवाज होतो.

आपण फळझाडांच्या खात्यात नोकरीला आहात असं बंधू म्हणाले. जालन्याकडे सगळी मोसंबी, पण आंबा विसरला नसाल. तरी यावर औषध काय, किती प्रमाणात, हे उलट टपाली कळवावं.

दुसरं असं की आमची सुहासिनी, आपली सासू, दिवाळीनंतर गेली. शालनला कळवा, असं ती म्हणाली होती. राहून गेलं.

कुंडलिकच्या फोटोला हार घालायचं काम आता माझ्याकडे आलंय. आपलं दुसरं लग्न झालं म्हणून तो काही तुझा कोणी नव्हता असं होत नाही. आता हे 'तुझा' पडलं, ते खोडून पुन्हा लिहीत बसत नाही.

मे महिन्यात चारूला इकडे पाठव. आता दहाची होईल. तिच्या बापाच्या घरचा आंबा तिने खायला हवा. मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन.

प्रभाकर दळवी


डोंबिवली
३ मार्च १९८७

शालन,

कार्ड पोचलं. सासऱ्याला कार्ड लिहिणारी सून मी पहिल्यांदाच पाहिली, पोस्टमनने वाचून मगच दिलं असणार. म्हणाला, “आजोबा, तुडतुडे झालेत तुमच्याकडे.”

तू लिहिलंस की चिकटा त्या तुडतुड्यांचा, आणि काळी बुरशी त्या चिकट्यावर वाढते. म्हणजे चिमणीला मी उगाच शिव्या दिल्या. फांद्यांची गर्दी झाली असेल तर पावसाळ्यानंतर विरळ करा, ऊन आत जाऊ द्या, हेही समजलं. औषध मोहोर फुलायच्या आधी मारायचं असतं, फुलल्यावर मारू नका, असं तू दोनदा लिहिलंस आणि खाली रेघ ओढलीस.

मी मारलं.

मला मे महिन्याला आंबा हवा होता. पुढच्या वर्षीपर्यंत थांबा म्हणणं तुला सोपं आहे. दुकानदाराने एका बादलीला एक झाकण सांगितलं, मी दोन घातली. प्लँटवर इतकी वर्षं काढल्यावर माणसाला वाटतं की डोस आपल्याला कळतो. दुसऱ्या दिवशी मोहोर तपकिरी झाला, तिसऱ्या दिवशी सगळा खाली. भिंतीपलीकडच्या गोदूबाई पदर खोचून आल्या. तुला त्या आठवत असतील, एमआयडीसीत भातशेती गेली तरी आवाज शेतातलाच राहिलाय.

“ओ भाऊ, झारावर काय मारलाव तुमी? माज्या अंगनान मधमाश्या मरून परल्यान! आता तुमच्या मोहराव कोन बसंल, तुमी?”

मी रिकामी बादली उचलून घरात पळ काढला. माझ्यावर अशी वेळ फारशी येत नाही, तुला माहीत आहे.

कार्डात चारूबद्दल अक्षर नव्हतं. आईंचं कळलं, वाईट वाटलं, एवढी एक ओळ होती. ती ओळ लिहिल्याबद्दल आभार. आंबा नाही म्हणून येणं नाही असं समजू नकोस. आंबे बाजारात मिळतात. चारूला पाठव.

प्रभाकर


डोंबिवली
७ जून १९८७

शालन,

मे संपला. तुझं पत्र नाही.

मी तिची खोली झाडून ठेवली होती, म्हणजे तुमची खोली. आंब्यावरच्या तिच्या झोपाळ्याची दोरी कुजली होती ती बदलली. पाट धुतला. काथ्याची दोरी आता पूर्वीसारखी मिळत नाही, नायलॉनची आणावी लागली. ती हाताला कापते, म्हणून तिच्यावर सुहासिनीच्या जुन्या नऊवारीचं काठाचं कापड गुंडाळलं.

शाळा सुरू झाल्या असतील आता.

प्रभाकर


डोंबिवली
१८ ऑक्टोबर १९८८

चि. शालन,
आशीर्वाद.

वर्षभर तुला त्रास दिला नाही. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर तू सांगितलंस तशा आतल्या फांद्या विरळ केल्या. मोहोर फुटायच्या आधीची फवारणी केली, एका बादलीला एकच झाकण, गोदूबाईंना साक्षीला उभं करून. तरी गेल्या हंगामात आंबा नाही. तू म्हणशील, हापूस एक वर्ष आड धरतो. धरत असेल. या झाडाने दोन्ही वर्षं आड घातली.

आता नवीन लक्षण. झोपाळ्याच्या फांदीवर, खोडापासून हातभर अंतरावर, एक भोक दिसतंय, करंगळी जाईल एवढं. त्यातून लाकडाचा भुसा बाहेर येतो, सुतार रंधा मारतो तेव्हा पडतो तसा, पण ओलसर. भोकाखाली सालीवर तपकिरी ओघळ. त्या फांदीची टोकाची पानं पिवळी पडायला लागलीत, बाकी झाड हिरवं आहे. हे काय असावं?

पाहा, या वेळी मी आधी विचारतोय आणि मग हात लावणार आहे.

इकडचं बाकी ठीक. चारू पाचवीत गेली असेल. इंग्रजी सुरू झालं असेल. तिला गणित कसं जमतं? कुंडलिकला जमत नसे, पण तो चित्रं छान काढायचा. हे तिला कुणी सांगतं का?

प्रभाकर


डोंबिवली
१५ नोव्हेंबर १९८८

चि. शालन,
आशीर्वाद.

कार्ड पोचलं. भिरूड. नाव ऐकून होतो, आमच्या आईच्या तोंडी असायचं. लांब मिशांचा भुंगा सालीत अंडी घालतो, अळी आत लाकूड पोखरत जाते, आणि बाहेरून झाड हिरवं दिसतं तोवर माणूस निर्धास्त राहतो, हे तू नीट समजावून लिहिलंस. आभारी आहे.

फांदीत आहे तोवर फांदी भोकाच्या मागून, खोडाजवळ तोडून जाळून टाका, थांबू नका, खोडात शिरली तर झाड जाईल, असं तू लिहिलंस. तसं केलं. काप गुळगुळीत ठेवून त्यावर डांबर फासलं. आता चिंता नाही.

भुसा अजून थोडा थोडा दिसतो. सकाळी पाट झाडला की संध्याकाळी पुन्हा पाटावर असतोच. तो आधीचा साठलेला पडत असेल, नाही का?

दिवाळीचा फराळ गोदूबाईंनी दिला. त्यांच्या करंज्यांत ओलं खोबरं असतं, दोन दिवसांत संपवाव्या लागतात. संपवल्या.

प्रभाकर


डोंबिवली
२ जानेवारी १९८९

चि. शालन,
आशीर्वाद.

पाटाने घात केला.

तुझं कार्ड मी पोस्टमनसमोरच वाचलं आणि तोंड लपवायला जागा उरली नाही. ‘भुसा पाटावर पडतो म्हणजे पाट टांगलेला आहे. पाट टांगलेला आहे म्हणजे फांदी आहे. तुम्ही फांदी तोडलेली नाही.’ पोस्टमनलाही पटलं ते.

नाही तोडली. करवत घेऊन शिडीवर चढलो होतो. धारही लावून आणली होती. गोदूबाई खालून शिडी धरून होत्या. करवत सालीला टेकवली आणि पुढे हात चालेना. मी खाली उतरलो तर म्हणाल्या, “भाऊ, काय झायलं? चक्कर आयली का?” हो म्हटलं. त्यांनी लिंबूपाणी करून आणलं.

त्या फांदीवर कुंडलिकने झोपाळा बांधला तेव्हा तू खाली उभी राहून ओरडत होतीस, फांदी कोवळी आहे, साल सोलवटेल, खाली गोणपाट घाला. मग त्याने गोणपाट घातलं. चारू त्यावर उभं राहून झोके घ्यायची आणि मी घरातून ओरडायचो, बस खाली. त्या फांदीवर एवढंच झालंय. लिहिलं की एवढंसंच दिसतं.

तुला वाटेल, म्हातारा एका लाकडासाठी सबंध झाड घालवतो. अगदी हेच तू लिहिलंस, जरा सभ्य शब्दांत. बरोबर आहे. पण मला तेव्हा असं वाटलं की चारू आली आणि तिला झोपाळा दिसला नाही तर ती या घराला ओळखणार कशी? घराला नवीन रंग लागलाय. आजी नाही. बाबा नाही. आई नाही. मी आहे, पण माझी तिला ओळख पटेल याचा मला भरवसा नाही, केस सगळे गेले.

कार्डाच्या शेवटी तू पहिल्यांदाच झाडाबाहेरची एक ओळ लिहिलीस. ‘चारूला पाठवलं तर परत पाठवाल का, हे आधी सांगा.’ ही ओळ कार्डावर लिहायची नव्हतीस. पण विचारलंस, तर उत्तर देतो.

सत्त्याऐंशीत पाठवली असतीस तर परत पाठवली नसती. कल्याणचे वकील तयार होते, शाळेत नाव घालायची मी चौकशी केली होती. चारूच्या ताब्यासाठी तुला दिलेली पहिली नोटीस सुहासिनीने हातापाया पडून मागे घ्यायला लावली, नाहीतर मी ती चालवली असती. हे घर सोडलंस त्या दिवशी तू शाळेच्या दारातूनच चारूला घेऊन गेलीस, कपडेसुद्धा नेले नाहीस, ते मला तेव्हा चोरी वाटलं. आता काय वाटतं ते अजून ठरत नाही. ठरलं की लिहीन.

तेव्हा आत्ता तू पाठवू नकोस. मला माझाच भरवसा नाही.

भुसा अजून ओला आहे. आता काय करता येईल ते सांग. या वेळी करीन.

प्रभाकर


डोंबिवली
१२ फेब्रुवारी १९८९

चि. सौ. शालन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वरचं ‘सौ.’ वाचून थांबली असशील. दोन वर्षं ते लिहायला हात होत नव्हता. लिहिलं की कुंडलिक दुसऱ्यांदा जाईल असं वाटायचं. काल लिहून पाहिलं, तसं काही झालं नाही. तुझ्या यजमानांना, दौलतरावांना, माझा नमस्कार सांग.

फांदी तोडली. रविवारी, सकाळी, पाट आणि दोरी सोडवून घेऊन. पण तू भीती घातली होतीस तसंच झालं होतं, काप घेतला तर आतलं भोक खोडाकडे वळलेलं. मग तुझं नवं कार्ड समोर चिकटवून कामाला लागलो. सायकलची तार वाकवून तिचा आकडा केला आणि भोकात घालून ओढायला लागलो. भुसा, भुसा आणि नुसता भुसा. गोदूबाई येऊन बसल्या.

“आत हाय का नाय?”

“असेल. तुम्ही बोलू नका, तिला कळेल.”

“तिला मराठी येतंय?”

मग तार जड लागली. हळूहळू ओढली तर अळी बाहेर आली. अगं, केवढी! अंगठ्याएवढी जाड, पांढरीफटक, डोकं तपकिरी. उन्हात पडून वळवळायला लागली. वर्षभर माझ्या घरचं खाऊन टुमटुमीत झालेली. गोदूबाईंच्या कोंबडीने तिचा निकाल लावला, मला काही करावं लागलं नाही. कोंबडीच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

मग रॉकेलमध्ये कापूस भिजवून भोकात कोंबला आणि वरून चिखलाने लिंपलं. खोडाला आणखी दोन जागी ओघळ होते, तिथेही तेच केलं. दोन्हीकडे अळ्या सापडल्या नाहीत. म्हणजे त्या नाहीत, किंवा माझी तार पोचत नाही.

ती अळी निघाली तेव्हा मला फार आनंद झाला आणि तो सांगायला घरात कोणी नव्हतं. म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. कंटाळलीस तर मधलं वाचू नकोस.

प्रभाकर


डोंबिवली
१४ मे १९९०

चि. सौ. शालन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आंबा धरला!

अर्ध्याच झाडाने धरला, पूर्वेच्या बाजूने, पण धरला. मोहोरावर पांढरी भुरी येईल म्हणून तू सांगितलंस तसं गंधक मारलं होतं, मोहोर फुलल्यावर हात लावला नाही, गोदूबाईंच्या अंगणात यंदा मधमाशी मेली नाही. कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्यापासून मी खुर्ची झाडाखालीच टाकली. वाऱ्याला, खारीला आणि शेजारच्या मुलांना, तिघांनाही शिव्या देत एप्रिल काढला.

अक्षय्यतृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आपल्याकडे आंबा तोंडात घालत नाहीत, ते तुला सांगायला नको. पाडाचे तीन उतरवून आढीत पिकवले होते. वाढताना एक पान माझ्या आईवडिलांचं, एक सुहासिनीचं आणि एक कुंडलिकचं. मुलाच्या पानावर बापाने आंबा ठेवायचा, ही काय रीत झाली? ठेवला. मग मी खाल्ला नाही. म्हटलं, चारूने खाल्ल्यावर खाऊ.

तिला पाठव असं म्हणत नाही. आंबाच पाठवतो. तुझा भाऊ गुरुवारी जालन्याला निघतोय, त्याच्याबरोबर पेटी देतो. पेंढा घालून, देठ वर करून, मीच भरली आहे. दिसायला एकेक फळ असं आहे की दुकानदार मागे लागला होता. चारूला म्हणावं, ज्या झाडावर तू झोके घेतलेस त्याचा आहे. कुंडलिक साल दाताने सोलून, कोय चोखून, मनगटापर्यंत रस ओघळू देऊन खायचा. तिला तसाच खाऊ दे, एक दिवस सुरी देऊ नकोस.

पेटी उघडल्यावर ती काय म्हणाली ते लिही. कार्डावर मावेल तेवढं पुरे.

प्रभाकर


डोंबिवली
८ जून १९९०

चि. सौ. शालन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्ड हातात धरून बराच वेळ पायरीवर बसलो होतो.

फळमाशी. फळावर बारीक डंख, टाचणीचं टोक टेकवल्यासारखा, तो मला दिसला नाही. चष्मा बदलायला झालाय. आत अळ्या. म्हणजे मी तुझ्या घरी, दौलतरावांसमोर, त्यांच्या आईवडिलांसमोर, अळ्यांची पेटी पाठवली. चारूने पहिला आंबा पिळला आणि ताटलीत वळवळ झाली. तू तसं लिहिलं नाहीस, ‘बरेचसे खराब निघाले’ एवढंच लिहिलंस, पण मला चित्र दिसलं. लाजेने मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी धडपडलो ते हे.

खाली पडलेली फळं रोज गोळा करून खोल पुरायची, तशीच कुजू द्यायची नाहीत, नाहीतर माशी मातीतून पुन्हा निघते, हे तू लिहिलंस ते मी करतो आहे. हातात कुदळ आली की बरं वाटतं.

पण कार्डाच्या कडेला, उभं, दुसऱ्या अक्षरात लिहिलंय. ‘आजोबा, दोन चांगले निघाले. मी आणि बाबांनी खाल्ले. खूप गोड होते. मी हातानेच खाल्ला.’

बाबांनी, म्हणजे दौलतरावांनी. एका क्षणी टोचलं, खोटं कशाला बोलू? मग मी विचार केला की दोनच चांगले होते, त्यातला एक तिने त्यांना दिला. तसं माणूस उगाच करत नाही. चांगले आहेत ना ते तिच्याशी? तसे असणार.

तिचं अक्षर उजवीकडे झुकतं. कुंडलिकचं डावीकडे झुकायचं. कार्ड मी गादीखाली ठेवलंय.

प्रभाकर


डोंबिवली
१० फेब्रुवारी १९९१

चि. सौ. शालन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झाड गेलं.

पावसाळ्यानंतर पूर्वेची बाजूही पिवळी पडली. खोडाच्या बुंध्याशी भुशाचा ढीग, सालीवर हात मारला तर पोकळ आवाज. तार घातली, ती कोपरापर्यंत आत गेली आणि कशालाच लागली नाही. जानेवारीत एकाही फांदीला मोहोर नाही. मी पाणी घालत राहिलो. गोदूबाई एक दिवस म्हणाल्या, “भाऊ, मेल्याला पानी पाजताव तुमी. सोरा आता.” दुसऱ्या दिवशी माणसं बोलावली. आतून सगळं पोखरलेलं होतं, बोटाने दाबलं तर चुरा होई. अठ्ठ्याऐंशीत तू सांगितलंस तेव्हा ती एक फांदी तोडली असती तर आज मोहोर असता. हे तू लिहिणार नाहीस, म्हणून मी लिहितो.

परस आता एकदम उघडं झालंय. ऊन थेट स्वयंपाकघरात येतं, भांडी चमकतात. सवय नाही.

नवीन कलम लावा म्हणशील. नको. ते धरायला लागेपर्यंत मी असेन-नसेन, आणि नवीन झाडाबद्दल तुला सारखं विचारत बसायला मला आता तोंड नाही.

गेले काही दिवस मी पुन्हा पुन्हा बसतो, कागद घेतो आणि लक्षात येतं की विचारायला काही उरलं नाही. पानं नाहीत, भुसा नाही, किडा नाही. तू दिलेलं प्रत्येक उत्तर झाडासाठी होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी पोस्टमनची वाट पाहायला एक निमित्त होतं. खरं सांगायचं तर नोव्हेंबरात एकदा पानांवर तांबडे ठिपके आलेत असं तुला लिहिलं होतं, ते आले नव्हते. तू बिचारीने दोन्ही बाजू भरून उत्तर पाठवलंस.

तुझा वेळ खूप घेतला. आता त्रास देणार नाही. चारूला अनेक आशीर्वाद. तिचं मोठं होणं तुझ्या हातून चांगलं होईल याबद्दल मला शंका नाही. मागे ठरलं की लिहीन म्हणालो होतो, ते ठरलंय. त्या दिवशी तू तिला शाळेतून नेलंस ते बरोबर केलंस. मी तिला इथे धरून ठेवली असती आणि रोज बापाचा फोटो दाखवत राहिलो असतो.

दौलतरावांना नमस्कार.

प्रभाकर


डोंबिवली
६ मार्च १९९१

चि. सौ. शालन,

सोमवारी पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी म्हटलं, दुसऱ्या कोणाचं असेल. कार्ड नव्हतं. अंतर्देशीय होतं, सगळ्या बाजूंनी डिंकाने नीट बंद केलेलं. पोस्टमनची फार निराशा झाली.

मी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. त्यात झाडाचा एक शब्द नाही. दौलतरावांना बदली मिळायची आहे, चारूला चित्रकलेच्या परीक्षेत बक्षीस मिळालं, तुझी कंबर दुखते, मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळतायत आणि तुला शेतकऱ्यांसमोर उभं राहवत नाही. हे सगळं तू मला लिहिलंस. आणि शेवटी विचारलंस, ‘जेवण कोण करतं? रात्री घरात कोण असतं? तुम्ही कसे आहात, बाबा?’

चार वर्षं मी तुला पानांचा रंग कळवला, भुशाचा ओलावा कळवला, भोकाची जाडी बोट लावून कळवली. तूही विचारलं तेवढंच सांगितलंस. माझ्याबद्दल कळवायचं असतं हे मला सुचलं नव्हतं. तुझ्याबद्दल विचारायचं असतं, हे तर अजिबातच नाही.

तर कळवतो. सकाळी भात मी करतो, आमटी गोदूबाई देतात. संध्याकाळी पुष्कळदा करत नाही. रात्री घरात कोणी नसतं. रेडिओ लावून ठेवतो, ऐकत नाही. गुडघा धरतो. सुहासिनी गेल्यापासून कोणी नावाने हाक मारलेली नाही. मोठ्याने बोलायची सवय सुटत चालली आहे, परवा दुकानात मीठ मागताना आवाज फुटेना. मी बरा नाही, शालन. बरेच दिवसांपासून नाही. इतकं साधं वाक्य लिहायला मला एवढा काळ लागला.

चारूला तिकडे घेऊन येते असं न म्हणता, मे महिन्यात तुम्हीच इकडे या, असं तू लिहिलंस. दौलतरावांनीही खाली सही करून ‘अवश्य या’ लिहिलंय. मी दोन दिवस विचार केला की त्या घरात मी कोण म्हणून यायचं. व्याही नाही, सासरा नाही, पाहुणा म्हणवत नाही. कोणत्या खुर्चीवर बसायचं, त्यांच्या वडिलांना काय म्हणायचं, काही कळत नाही. तू ठरव. ज्या खुर्चीवर बसवशील तिथे बसेन.

मेपर्यंत थांबत नाही. कल्याणहून मनमाडला येऊन गाडी बदलायची, असं स्टेशनवर विचारून आलो. येत्या रविवारी निघतो. हातात काही आणत नाही.

प्रभाकर